पानशेतच्या आधीची सायकल

पुण्याजवळच्या वाघोलीतल्या एखाद्या जुन्या घराच्या पडवीत, पोत्यांच्या थप्पीमागे, काळी सायकल उभी असते. टायर केव्हाच भुईला टेकलेले, सीटचं चामडं वाळून पापडासारखं झालेलं, पण ब्रेकच्या लोखंडी सळया अजून जागच्या जागी. घरातल्या थोरल्यांना विचारलं की उत्तर ठरलेलं: "इंग्रजांच्या काळातली आहे, आमच्या आज्याची." या उत्तरात अभिमान असतो, खोटेपणा मुळीच नसतो. तरीही ते बऱ्याचदा चुकतं.

चूक होते ती आकारामुळे. अठ्ठावीस इंची चाकं, सळईचे ब्रेक, आडवा दांडा, काळा रंग हा साचा इंग्लंडात विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच पक्का झाला होता. स्वातंत्र्यानंतर भारतात कारखाने निघाले, त्यांनी तोच साचा उचलला. मद्रासजवळ अंबत्तूरची टीआय सायकल्स १९४९ची, सोनीपतची अ‍ॅटलास १९५१ची, लुधियानाची हीरो १९५६ची. दूधवाले, पोस्टमन, मास्तर, गिरणी कामगार सगळ्यांना हीच सायकल हवी होती, त्यामुळे ती बदलायचं कोणाला कारणच पडलं नाही. १९३५ सालची बर्मिंगहॅमची सायकल आणि १९८५ सालची लुधियानाची सायकल दहा पावलांवरून सख्ख्या बहिणी वाटतात. जुन्या सायकलीचं वय काढताना सगळ्यात कमी भरवशाचा साक्षीदार म्हणजे तिचं रूप.

भरवशाचे साक्षीदार लहान असतात. पहिला हँडलखालच्या नळीवर बसवलेला, कंपनीच्या नावाचा बिल्ला. रॅले हे इंग्लिश कंपनीचं नाव वाचून थांबायचं नाही, त्याखालचं गाव वाचायचं. नॉटिंगहॅम असेल तर सायकल बोटीनं आलेली. आसनसोल असेल तर ती सेन-रॅले या तिथल्या कारखान्याची, म्हणजे १९५०च्या दशकाच्या आधीची असूच शकत नाही, मग घरातले काहीही सांगोत. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता. या दोन्ही कंपन्या पुढे अडचणीत आल्या आणि १९८० साली एकाच कायद्यानं त्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. एका कायद्याच्या नावात जोडीनं आलेल्या या कंपन्यांच्या सायकली महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांनी वापरल्या.

नाव जसंच्या तसं आणि मालक मात्र वेगळा, असंही होतं. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, १८६१ची बंदुका बनवणारी कंपनी. तिची खूण एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका. १९५७ साली तिचा सायकलींचा धंदा रॅलेकडे गेला, आणि भारतात बीएसए हे नाव टीआयच्या सायकलींवर नव्या पिढीच्या ओळखीचं झालं. त्यामुळे नुसतं 'बीएसए' वाचून वर्ष सांगणारा माणूस अंदाज करत असतो.

दुसरा साक्षीदार फ्रेमवर ठोकलेला क्रमांक. तो सीटच्या नळीच्या वरच्या टोकाला, मागच्या चाकाच्या आसाजवळ किंवा पायडलांच्या नळकांड्याखाली सापडतो. तिथे पन्नास-साठ वर्षांचं ग्रीस आणि रस्त्याची धूळ मिळून डांबरासारखा थर बसलेला असतो. तो पटाशीनं खरवडायचा नाही. रॉकेलची चिंधी अर्धा तास गुंडाळून ठेवायची, मग जुन्या दातांच्या ब्रशनं हलक्या हातानं घासायचं. तरीही आकडे पुसट दिसले तर त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवायची. काळ्या रेघोट्यांतून आधी एखादं अक्षर पांढरं उमटतं, मग त्याच्या शेजारचा आकडा, आणि आठाचा तीन समजण्याची चूक तिथल्या तिथे सुधारता येते. मात्र हा आकडा एकटा पुरत नाही. रॅलेसारख्या मोठ्या कंपनीत क्रमांकांच्या मालिका पुन्हा पुन्हा सुरू झाल्या. म्हणून क्रमांक बाकीच्या खुणांशी ताडून पाहावा लागतो. इंग्लंडात १९५५पासून जुन्या सायकलींच्या हौशी लोकांचा एक क्लब हेच काम नेमानं करत आला आहे. एकेका कंपनीचा जाणकार वेगळा, आणि तो कॅटलॉगांशी पडताळून वय ठरवतो.

तीन गिअरची सायकल असेल तर नशीबच म्हणायचं. नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीनं मागच्या चाकाच्या हबवर तारीखच ठोकून ठेवलेली असते. १९३६पासून बनत आलेल्या 'एडब्ल्यू' हबवर महायुद्धानंतरच्या काळात ५७ आणि शेजारी ३ दिसले की तो हब मार्च १९५७चा. फक्त एक लक्षात ठेवायचं, हे वय हबचं आहे. चाक बदललं असेल तर सायकल त्याहून म्हातारी असू शकते.

चकाकीसुद्धा बोलते. १९३०च्या आसपासपर्यंत भागांना निकेलचा मुलामा असे, त्याची झाक किंचित पिवळसर आणि उबदार. नंतरच्या क्रोमची निळसर थंड. युद्धकाळातल्या विलायती सायकलींचे चकाकणारे भागही काळे रंगवलेले सापडतात, कारण मुलाम्याचा धातू लढाईच्या कामाला लागत होता.

या सगळ्यात पुण्याचा स्वतःचा एक साक्षीदार आहे. सायकलीवर कर होता आणि तो भरला की वर्षाचा बिल्ला मिळायचा. जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी हे बिल्ले अजून हाती लागतात. पुणे नगरपालिकेची महापालिका झाली १५ फेब्रुवारी १९५० रोजी, तेव्हा बिल्ल्यावर कोणतं नाव आहे एवढ्यावरूनसुद्धा शतकाचा कोणता अर्धा भाग ते ठरतं. कॅन्टोन्मेंटचा कारभार वेगळा होता. वाघोली तर ३० जून २०२१पर्यंत ग्रामपंचायतीचं गाव. ग्रामपंचायतींनाही १९५८च्या कायद्यानं सायकलीवर कर बसवण्याची मुभा होती, पण वाघोलीतल्या जुन्या सायकलीवर पुणे महापालिकेचा बिल्ला निघाला तर एवढं नक्की समजावं की ती कधीतरी शहरात वापरात होती आणि नगर रस्त्यानं इकडे आली. मडगार्डवर रंगानं मोठा आकडा लिहिलेला असेल तर ती तासावर भाड्यानं देणाऱ्या दुकानातलीही असू शकेल.

लोखंडाइतकाच घरातल्या माणसांवरही विश्वास ठेवावा, मात्र प्रश्न नीट विचारावा. 'कोणत्या सालची' असं विचारलं की माणूस गोंधळतो. पुण्यात 'पानशेतच्या आधीची की नंतरची' असं विचारावं. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटून आलेला पूर ज्यानं पाहिला, त्याच्या आठवणींची विभागणीच त्या दिवशी झाली. नगर रस्त्याच्या गावांत तोच मान बहात्तरच्या दुष्काळाचा. दुष्काळी कामावर खडी फोडायला बाबा सायकलीवरून जात होते की चालत, हे थोरल्या मुलीला पक्कं आठवतं. लग्नात सायकल, घड्याळ आणि रेडिओ मिळाल्याची गोष्ट असेल तर लग्नाची पत्रिका शोधायची.

काही सायकलींना एवढी चौकशी लागत नाही. कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांचं जुन्या सायकलींचं संग्रहालय २०१७पासून लोकांसाठी खुलं आहे. तिथे बीएसएची छत्रीधारी सैनिकांसाठीची घडीची सायकल आहे. दुहेरी वाकलेल्या नळ्या, मधोमध हातानं फिरवायच्या चाकीच्या खिट्ट्या. ती दुसऱ्या महायुद्धासाठी बनली, म्हणून तिचं रूपच तिची तारीख सांगतं. पण पडवीतली काळी सायकल अशी बोलकी नसते.

म्हणूनच तिच्यावर पहिला हात फिरतो तो पावडर कोटिंगवाल्याचा, याचं दुःख होतं. वाळूच्या फवाऱ्यानं रंग खरवडला की सोनेरी रेषा जातात, कंपनीची छापील चित्रं जातात, भाड्याच्या दुकानाचा आकडा जातो, उथळ ठोकलेला क्रमांकही कधी कधी बुजतो. सायकल चकाकते, आणि तिचं वय सांगणारं काही तिच्यावर उरत नाही. आधी फोटो काढावेत, कागदावर क्रमांकाचा ठसा घ्यावा, गंजलेले नट-बोल्टसुद्धा डब्यात जपावेत.

समजा, वाघोलीच्या त्या सायकलीवर आसनसोलचं नाव निघालं, हबवर ५७ आणि ३ दिसले, हँडलला १९५८-५९चा कराचा बिल्ला अडकलेला मिळाला. मग इंग्रजांचा काळ हिशेबातून गेला, पण हब मूळचाच असेल तर त्याच्या जागी नेमकी दोन वर्षं हाताशी आली. आता घरातल्या आजींच्या शेजारी बसायचं आणि विचारायचं, सायकल अंगणात आली तेव्हा तुमचा थोरला चालत होता की अजून कडेवर होता?