फेरी पूर्ण झाली नाही, तरी पैसे परत का मिळत नाहीत : आर्क्टिकच्या बर्फातल्या सहलीबद्दल



कोजागिरीच्या कार्यक्रमात आम्ही दोघांनी स्वालबार्डच्या सहलीचे फोटो दाखवले. तेव्हापासून कतारगाममध्ये जो भेटतो तो तीन प्रश्न विचारतो : थंडी किती होती, अस्वल दिसलं का, आणि खर्च किती आला. चौथा प्रश्न फक्त एका काकांनी विचारला. "बेटाला पूर्ण फेरी मारायची असं छापलं होतं ना? आणि तुम्ही अर्ध्यातून परत फिरलात. मग पैसे परत मागितले का?"

नाही मागितले. मागूनही मिळाले नसते, कारण करारातच तसं लिहिलेलं होतं, आणि आम्ही तो न वाचता सही केली होती. परत फिरलो त्या दिवशी मी सुद्धा चिडलो होतो. आता मंडळातली तीन-चार कुटुंबं पुढच्या उन्हाळ्यासाठी चौकशी करताहेत, म्हणून काकांच्या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर लिहितो.

आधी जागा कुठली ते. स्वालबार्ड म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेला, ७४ ते ८१ अक्षांशांच्या मध्ये पसरलेली बेटं. लाँगयरब्येन हे तिथलं मुख्य गाव. बहुतेक जहाजं तिथूनच सुटतात. तिथून ध्रुव आणखी सुमारे १३०० किलोमीटर. ध्रुवावर जमीन नाही, हे शाळेत शिकलेलं आपण विसरून जातो. दक्षिणेला अंटार्क्टिका हा खंड आहे. उत्तरेला चार किलोमीटर खोल समुद्र आणि त्यावर काही मीटर जाडीचा बर्फाचा पापुद्रा. पुण्याच्या शीतल महाजन १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर पॅराशूटने उतरल्या, त्या गोठलेल्या समुद्रावरच उतरल्या. हा पापुद्रा एका जागी राहत नाही. सगळी गोष्ट इथूनच सुरू होते.

उत्तरेचा बर्फ कतारगामला अगदीच परका नाही. आपल्याकडच्या घंटीवर आलेली काही रफ कॅनडाच्या डायविक खाणीतली असायची. ही खाण आर्क्टिक वृत्ताच्या थोडी खाली, एका तळ्यातल्या बेटावर. तिथे बारमाही रस्ता नाही. हिवाळ्यात तळी गोठली की त्यांच्यावरून शेकडो किलोमीटरचा बर्फाचा रस्ता तयार करतात. तो वर्षातून दोन-अडीच महिने चालतो आणि खाणीचं डिझेल, सिमेंट, यंत्रं त्यावरूनच जातात. भरलेल्या ट्रकला ताशी २५ किलोमीटरच्या आसपास वेग ठेवावा लागतो, कारण जास्त वेगाने गेलं तर बर्फाखालच्या पाण्यात लाट उठते आणि बर्फ फुटतो. हे मी एका जुन्या रत्नकलाकार मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "मग बर्फावरून ट्रक जातात, आणि तुमचं एवढं मोठं जहाज बर्फाला घाबरलं?"

प्रश्न रास्त आहे. तळ्याचा बर्फ गोड्या पाण्याचा. तो शून्य अंशाला गोठतो, टणक आणि सलग असतो. समुद्राचं पाणी उणे १.८ अंशाच्या आसपास गोठतं. गोठताना ते मीठ बाहेर टाकतं, पण सगळं टाकता येत नाही. खारं पाणी बर्फात बारीक बारीक पोकळ्यांमध्ये अडकून राहतं. हिऱ्यात डाग असला की घाव कुठे बसेल सांगता येत नाही, तसंच काहीसं. म्हणून एका वर्षाचा समुद्री बर्फ तुलनेने मऊ, जरा लवचिक; लाटेबरोबर वाकताना डोळ्यांना दिसतो. दोन-तीन उन्हाळे टिकलेल्या बर्फातलं मीठ मात्र झिरपून निघून जातं. तो निळसर आणि दगडासारखा होतो, आणि वितळवला तर पिता येतो. जहाजाला त्याची जास्त भीती. हिमनग ही त्याहून वेगळी गोष्ट : तो जमिनीवरच्या हिमनदीतून तुटून समुद्रात पडलेला, म्हणजे मुळातच गोडा.

आता चालण्याचं. नॉर्वेच्या फ्रिड्टजॉफ नान्सेनने १८९३ मध्ये आपलं 'फ्राम' हे जहाज मुद्दाम बर्फात अडकवून घेतलं, बर्फ कुठे घेऊन जातो ते पाहायला. सायबेरियाच्या उत्तरेला अडकलेलं जहाज तीन वर्षांनी, १८९६ मध्ये, स्वालबार्डच्या बाजूला मोकळं झालं. सगळा प्रवास बर्फाने करवला. आजही तोच प्रवाह आहे. त्यात वाऱ्याची भर पडली की एका दिवसात कित्येक किलोमीटर बर्फ सरकतो. काल मोकळी असलेली सामुद्रधुनी आज बंद.

आमचं तेच झालं. जुलैचा दुसरा आठवडा. कागदावर मार्ग असा होता : पश्चिम किनाऱ्याने उत्तरेला, मग हिन्लोपेन सामुद्रधुनीतून खाली उतरून पूर्वेकडून वळसा घालून परत. नॉर्वेचं हवामान खातं कामाच्या दिवशी रोज बर्फाचा नकाशा काढतं. समुद्राचा किती दशांश भाग बर्फाने झाकला आहे ते त्यात रंगांनी दाखवतात. कप्तान रोज संध्याकाळी तो पडद्यावर दाखवायचे. तिसऱ्या दिवशी हिन्लोपेनचं उत्तरेकडचं तोंड हिरवं होतं, चौथ्या दिवशी लाल. दोन दिवस उत्तरेचा वारा होता आणि त्याने सगळा बर्फ आत ढकलला होता. दहातले नऊ भाग बर्फ. जहाज फिरलं.

"बर्फ कमी होतोय म्हणतात ना, मग उलट सोपं व्हायला हवं" असं बरेच जण म्हणतात. उन्हाळ्याच्या शेवटी उरणारा बर्फ खरंच घटला आहे. १९८० च्या दशकात सप्टेंबरमध्ये साधारण ७० लाख चौरस किलोमीटर उरायचा. २०१२ मध्ये तो ३४ लाखांच्या आसपास आला, आतापर्यंतचा नीचांक. पण उरलेला बर्फ पातळ आहे, आणि पातळ बर्फ वाऱ्याबरोबर लवकर पळतो. एकूण बर्फ कमी म्हणून तुमच्या आठवड्यात तुमच्या वाटेवर तो नसेलच असं नाही.

मग फोडून का नाही जात? कारण बहुतेक सहलींची जहाजं बर्फफोडी नसतात. त्यांचा पत्रा जाड असतो, मोकळ्या तुकड्यांमधून हळूहळू वाट काढता येते, एवढंच. खरं बर्फफोडं जहाज बर्फ करवतीसारखं कापत नाही; ते नाक उचलून बर्फावर चढतं आणि वजनाने तो मोडतं. सोव्हिएत रशियाचं अणुशक्तीवरचं 'आर्क्टिका' असंच १७ ऑगस्ट १९७७ रोजी ध्रुवावर पोचलं. समुद्रावरून तिथे गेलेलं पहिलं जहाज ते. पुढे त्याच जातीच्या जहाजांवर प्रवासीही जाऊ लागले. ध्रुवापर्यंतच्या फेऱ्या अजून होतात, पण भाडं माणशी तीस हजार डॉलरच्या पुढे. शिवाय स्वालबार्डमध्ये किनाऱ्याला चिकटलेला बर्फ फोडायला २०२५ पासून मनाई आहे, कारण सील त्यावर पिल्लं घालतात आणि अस्वलं तिथेच शिकार करतात. म्हणून बुकिंग करताना केबिनला बाल्कनी आहे का ते नंतर विचारा. आधी जहाजाचा पोलर क्लास विचारा. तो १ ते ७ असतो. आकडा जितका लहान तितकं जहाज मजबूत. काहींना हा क्लास नसतोच, तेही चालतं, फक्त मग ते बर्फाच्या काठापर्यंतच जाणार हे धरून चाला.

परत फिरणं म्हणजे कप्तानाचा भित्रेपणा, असं मला त्या दिवशी वाटलं होतं. मग आमच्या गाईडने जून १९८९ ची गोष्ट सांगितली. 'मॅक्सिम गॉर्की' नावाचं सोव्हिएत प्रवासी जहाज स्वालबार्डच्या पश्चिमेला मध्यरात्रीच्या सुमारास भर वेगात बर्फात शिरलं आणि फाटलं. जहाजावर साडेनऊशेच्या आसपास माणसं. त्यातली पुष्कळशी वयस्कर, काही जण बर्फाच्या लाद्यांवर उतरून थांबले होते. नॉर्वेच्या तटरक्षक दलाचं एक जहाज काही तासांत पोचलं, म्हणून सगळेच्या सगळे वाचले. ऐकल्यावर आमच्या टेबलावर पैशांचा विषय पुन्हा निघाला नाही.

आणि खरं सांगायचं तर फेरी हुकली त्या तीन दिवसांतच आम्हाला बर्फ दिसला. जहाज ८० अंशांच्या वर बर्फाच्या काठाकाठाने फिरत होतं. आत शिरलं की समुद्र एकदम शांत. बर्फ लाटा दाबून टाकतो, त्यामुळे ज्यांना दोन दिवस उलट्या होत होत्या तेही जेवायला आले. लांबच्या ढगांचं पोट पांढरं चमकत असेल तर तिकडे बर्फ, काळसर असेल तर मोकळं पाणी, हे खलाशांनी शिकवलं. इंजिन बंद केल्यावर हिमनगाचे तुकडे सोडा वॉटरसारखे फसफसतात. हजारो वर्षं कोंडलेली हवा सुटत असते. अस्वल दिसलं, पण दुर्बिणीतून, तिळाएवढं. कायद्याने ३०० मीटरच्या आत जाता येत नाही. मार्च ते जूनमध्ये तर ५०० मीटर. व्हॉट्सॲपवर येतात तसे जवळचे फोटो तुम्हाला मिळणार नाहीत.

थंडीचं म्हणाल तर जुलैत शून्य ते सात अंश. मनालीला गेलेल्या माणसाला नवीन नाही. वारा मात्र कापतो.

आता नाजूक विषय. आमच्या सोसायटीतल्या एका मुलाने विचारलं, "बाबांना घेऊन जाऊ का? त्यांची फार इच्छा आहे." बाबांचं वय ७४, दोन स्टेंट घातलेले. मी त्याला सांगितलं ते इथेही सांगतो. जहाजावर डॉक्टर असतो, पण कॅथलॅब नसते. लाँगयरब्येनचं इस्पितळ छोटं. गंभीर रुग्णाला विमानाने ट्रॉम्सोला नेतात, म्हणजे साडेनऊशे किलोमीटरवर. आणि आपण बर्फाच्या काठाला असलो तर लाँगयरब्येन गाठायलाच हेलिकॉप्टर लागतं, तेही हवा असेल तर. किनाऱ्यावर उतरायचं ते हलत्या रबरी बोटीतून, खलाशाचं मनगट धरून. लिफ्ट बंद असताना जे तीन मजले न थांबता चढतात, त्यांनी डॉक्टरांना विचारून जावं. बाकीच्यांना मी नाही म्हणेन, आणि माझ्या स्वतःच्या मोठ्या भावालाही नाहीच म्हटलं. तो अजून बोलत नाही माझ्याशी नीट. विमा घेताना त्यात हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च धरलेला आहे का ते शब्द न् शब्द वाचा.

कागदपत्रांत एक खोच आहे. स्वालबार्डला स्वतःचा व्हिसा लागत नाही, पण ते शेंगेनच्या बाहेर आहे आणि जायचं नॉर्वेमधूनच. म्हणजे तिकडे जाताना तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडता आणि येताना पुन्हा आत शिरता. व्हिसा किमान दोन प्रवेशांचा हवा. एकाच प्रवेशाचा घेतला तर येताना अडकाल. आमचा विमानासकट माणशी खर्च साडेआठ लाख आला. त्यावर टीसीएस कापला जातो, तो रिटर्न भरताना वळता करून घ्या. जेवण शाकाहारी मिळतं. कांदा-लसूण, कंदमुळं नको असतील तर बुकिंगलाच लिहून द्या. थेपले आम्ही नेले होते, ते जर्मन सहप्रवाशांनीच संपवले.

वाटेत नी-ओलेसुंडला थांबलो. जुन्या कोळसा खाणीचं हे गाव आता फक्त संशोधकांचं. भारताचं 'हिमाद्री' केंद्र तिथे १ जुलै २००८ पासून आहे. गोव्यात वास्कोला असलेली ध्रुवीय संशोधन संस्था ते चालवते. दोन मजली साधं घर, बाहेरूनच पाहायचं. फोनचं वायफाय, ब्लूटूथ बंद करायला लावतात, कारण तिथल्या उपकरणांना त्याचा त्रास होतो. दारावर आपलं नाव पाहून बायकोने नमस्कार केला. शेजारी चीनच्या केंद्राच्या दारात दोन दगडी सिंह आहेत. फोटो सगळे त्यांचेच काढतात, याचं मला जरा वाईट वाटलं.

रात्र नव्हतीच. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तिथे सूर्य मावळत नाही. आडव्या चाकासारखा आकाशात भोवती फिरत राहतो. लोकमान्य टिळकांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' मध्ये याच फिरण्यावरून आणि लांबलचक उषेवरून आर्यांचं मूळ घर उत्तरेला असल्याचं मांडलं. अभ्यासक आज ते मत मानत नाहीत. पण कधीही तिकडे न गेलेल्या माणसाने नुसत्या ऋचा आणि खगोलाच्या गणितावरून तिथलं आकाश इतकं बरोबर उभं केलं, हे डेकवर रात्री एक वाजता गॉगल लावून उभं राहिल्यावर कळतं. आपण गच्चीवर उत्तरायणाचे पतंग उडवतो तेव्हा तिथे काळोख असतो. गावात पहिलं ऊन येतं ते ८ मार्चच्या सुमारास, आणि मुलं ते पाहायला जुन्या इस्पितळाच्या पायऱ्यांपाशी जमतात.

ज्यांना पैसे भरायचे आहेत त्यांनी आधी एक करा. नॉर्वेच्या हवामान खात्याचा बर्फाचा नकाशा इंटरनेटवर फुकट दिसतो. जून-जुलैमधले एकामागोमाग आठ दिवसांचे नकाशे उघडून हिन्लोपेनच्या तोंडाशी रंग कसा बदलतो ते बघा. येत्या रविवारी आरतीनंतर मी मंडळात लॅपटॉप घेऊन बसणार आहे. करार आणला असेल तर तोही सोबत वाचू. मार्ग बदलण्याचं कलम बहुधा शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात असतं.