नवी हार्ड डिस्क बसली, विंडोज मात्र बसेना!

अमरावती : मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या कार्यप्रणालीची नियमित सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली आणि नोंदणी करणाऱ्या घरगुती संगणकांना एक वर्षाची मुदतवाढ दिली. अशा वेळी अमरावती-अकोल्यातील घरांत, डीटीपीच्या दुकानांत आणि शिकवणी वर्गांत वर्षानुवर्षे चालत आलेला संगणक भंगारात न काढता त्यात नवी एसएसडी बसवण्याचा विचार होणे साहजिक आहे. डिस्क बसवायला दहा मिनिटे पुरतात, पंचाईत त्यानंतर होते. 'या डिस्कवर विंडोज टाकता येणार नाही' असा संदेश पडद्यावर झळकतो किंवा यादीत डिस्क दिसतच नाही. मग दोष डिस्कच्या माथी मारला जातो आणि ती दुकानदाराकडे परत जाते. बहुतेक वेळा तिचा काहीच अपराध नसतो.

कोणती कार्यप्रणाली टाकायची, हे आधी ठरवलेले बरे. विंडोज ११ साठी यूईएफआय पद्धतीचा बायोस आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते. इंटेलचा आठव्या पिढीपूर्वीचा प्रोसेसर असल्यास, एखाद-दुसरा अपवाद सोडला, तर तो संगणक अधिकृत यादीत बसत नाही. त्यासाठी उबंटू किंवा सी-डॅकची 'बॉस' ही लिनक्सवर आधारित प्रणाली हा सरळ पर्याय आहे.

डिस्क दिसत नसेल तर पहिला शोध बायोसमध्ये घ्यावा. तिथेही ती नसेल, तर केबल सैल आहे का, किंवा एम.२ प्रकारची डिस्क त्या खाचेला चालणारी आहे का, हे पाहावे. साटा आणि एनव्हीएमई या दोन्ही जातींच्या एम.२ डिस्क दिसायला जवळपास सारख्या असतात, पण प्रत्येक खाच दोन्हींना चालतेच असे नाही. बायोसला डिस्क दिसते आणि विंडोजच्या यादीत मात्र नाही, असे झाले तर ड्रायव्हरची उणीव समजावी. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपवर हा प्रकार आढळतो. लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून तो ड्रायव्हर उतरवून, फाइल उलगडून पेनड्राइव्हवर ठेवावी आणि 'लोड ड्रायव्हर' या बटणाने द्यावी. विंडोज एक्सपीच्या काळात याच कामासाठी एफ-६ दाबून फ्लॉपी घालावी लागे. फ्लॉपी गेली, दुखणे राहिले.

सर्वाधिक घोळ होतो तो विभाजन तक्त्याचा. डिस्क म्हणजे जमीन मानली, तर हा तक्ता म्हणजे तिचा सातबारा. कोणता तुकडा कोठून सुरू होतो आणि कोठे संपतो, याची नोंद त्यात असते. जुन्या एमबीआर पद्धतीची नोंद सुमारे २ टेराबाइटपुढे जात नाही. नव्या जीपीटी पद्धतीला ती मर्यादा नाही. यूईएफआय पद्धतीने सुरू झालेला संगणक विंडोजसाठी जीपीटीच मागतो आणि जुन्या पद्धतीने सुरू झालेला एमबीआर मागतो. कोऱ्या डिस्कवर विंडोज योग्य तो तक्ता आपणहून आखते. पण डिस्क आधीच दुसऱ्या संगणकावर 'फॉरमॅट मारून' आणलेली असली की दोघांचे जुळत नाही. काही वेळा चूक पेनड्राइव्ह निवडतानाच होते. सुरुवातीच्या यादीत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, त्यातील 'यूईएफआय' असे लिहिलेली नोंद निवडायची असते.

यावरचा उपाय चार ओळींचा आहे. विंडोज टाकण्याच्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ-१० दाबावे (काही लॅपटॉपवर सोबत एफएन कळही लागते) आणि काळ्या खिडकीत 'डिस्कपार्ट' ही आज्ञा द्यावी. मग 'लिस्ट डिस्क'ने यादी पाहून 'सिलेक्ट डिस्क'ने नवी डिस्क निवडावी आणि 'क्लीन' व 'कन्व्हर्ट जीपीटी' या आज्ञा द्याव्यात. यातली 'क्लीन' ही आज्ञा 'खात्री आहे का?' असे विचारत नाही. क्रमांक चुकला तर जुन्या डिस्कचा सातबारा क्षणात कोरा होतो. डिस्क आकारावरून ओळखावी म्हटले, तर १ टेराबाइटची डिस्क तिथे ९३१ जीबी दिसते आणि गोंधळ वाढतो.

म्हणून विंडोज टाकताना जुनी डिस्क केबलसह काढून बाजूला ठेवणे, हाच खरा विमा. त्याला आणखी एक कारण आहे. दोन्ही डिस्क जोडलेल्या असतील, तर विंडोज नव्या डिस्कवर बसते, पण ती सुरू करणारा छोटा भाग अनेकदा जुन्याच डिस्कवर राहतो. पुढे जुनी डिस्क काढली की नवा संगणक उठत नाही आणि मालक चक्रावतो.

पहिल्यांदा संगणक पुन्हा सुरू होताना पेनड्राइव्ह काढून घ्यावा, नाही तर तीच प्रक्रिया पहिल्यापासून सुरू होते. फाइल उतरताना वारंवार त्रुटी येत असेल, तर पेनड्राइव्ह किंवा रॅम बदलून पाहावी. मध्येच वीज गेली तरी कोऱ्या डिस्कचे काही बिघडत नाही, काम पुन्हा सुरू करता येते. बायोस अद्ययावत करताना मात्र वीज गेली तर मदरबोर्डच निकामी होऊ शकतो. पारा ४५ अंशांपुढे गेलेल्या अकोल्यातील मे महिन्याच्या दुपारी, यूपीएसशिवाय ते धाडस न केलेलेच बरे.

नवा परवाना विकत घेण्याची घाई नको. विंडोज १० किंवा ११ चा डिजिटल परवाना मुख्यत्वे मदरबोर्डशी जोडलेला असतो. तीच आवृत्ती टाकली आणि इंटरनेट जोडले, की तो सहसा आपोआप लागू होतो. जुन्या डिस्कवर बिटलॉकर असेल, तर ती दुसरीकडे उघडायला ४८ अंकी किल्ली लागते. ती आधीच मायक्रोसॉफ्ट खात्यातून लिहून घ्यावी.

मराठीत काम करणाऱ्यांची अडचण वेगळीच असते. कृतिदेव, श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएममध्ये टंकलेली जुनी पत्रे, लग्नपत्रिका आणि प्रश्नपत्रिका नव्या विंडोजवर उघडल्या, की अक्षरांऐवजी इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसतो. फाइल खराब झालेली नसते, तो फॉन्ट नव्या डिस्कवर नसतो. जुन्या डिस्कमधील 'विंडोज'च्या आतील 'फॉन्ट्स' हा फोल्डर आधी उतरवून घेतला आणि त्यातील आपले फॉन्ट नव्या संगणकावर बसवले, की मजकूर पुन्हा वाचता येतो. युनिकोडमध्ये रूपांतर त्यानंतर सवडीने करता येते.