ब्रेक कोठे बसवावा?

लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे ६३० मीटर उंच, तर नांदेड सुमारे ३६० मीटर. अहमदपूर-लोह्याच्या वाटेने बालाघाटचा हा उतार एस.टी. आज सहज उतरते. मोटारींच्या पहिल्या पिढीला असा उतार जिवावरचा वाटे, कारण ब्रेक गाडीत नेमका कोठे बसवावा हेच ठरलेले नव्हते.

आरंभी चाकावर ठोकळा दाबून गाडी थांबवीत. १८८८ साली बर्था बेंझ जर्मनीत मोटारीने लांबच्या प्रवासाला निघाल्या, तेव्हा ठोकळे झिजले आणि वाटेतल्या चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घ्यावे लागले. आजच्या लायनरची ती आजीच!

हवेचे रबरी टायर आल्यावर ठोकळा निरुपयोगी ठरला. मग कारागिरांचे लक्ष गिअरबॉक्समागच्या शाफ्टकडे गेले. चाकाच्या एका फेऱ्यात हा शाफ्ट तीन-चार वेळा फिरतो, म्हणून त्याला अडवायला थोडा जोर पुरतो. आपला मुलूख तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. १९११ साली निवर्तलेल्या सहाव्या निजामांनी रोल्स-रॉईस सिल्व्हर घोस्ट मागवली होती. त्या काळच्या सिल्व्हर घोस्टचा पायाचा ब्रेक असाच शाफ्टवर असे, आणि हातब्रेक मागच्या चाकांच्या ड्रममध्ये.

सोय झाली, पण धोकाही आला. थांबवण्याचा सारा ताण क्राऊन-पिनियन व ॲक्सलमधून चाकापर्यंत जाई. मधला एखादा सांधा तुटला की पायाखालचा ब्रेक असून नसल्यासारखा! म्हणून १९१३ च्या सुमारास रोल्स-रॉईसने पायाचा ब्रेकही मागच्या चाकांवर नेला.

मग पुढच्या चाकांवर का नाही? ती स्टिअरिंगबरोबर वळतात. वळणावर ब्रेकचा दांडा आपोआप ताणला गेला तर एकच चाक पकडणार आणि गाडी भरकटणार. शिवाय पुढची चाके धरली तर गाडी उलटेल, अशी भीती पुष्कळांना होती. वास्तविक ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे झुकतो. आपणही एस.टी.त पुढच्या बाकावर आदळतो ना? मागची चाके त्या वेळी हलकी होऊन घसरतात आणि खरी पकड पुढच्याच चाकांना असते.

यावर आंरी पेरो या फ्रेंच अभियंत्याने तोड काढली. चाक ज्या किंगपिनभोवती वळते, तिच्या रेषेतच ब्रेकच्या दांड्याचा वळता सांधा आणला. मग चाक कसेही वळो, ओढ बदलत नाही. १९११ च्या सुमारास स्कॉटलंडच्या आर्गाईल मोटारीला असे चारही चाकांचे ब्रेक लागले. तरीही सिल्व्हर घोस्टला ते मिळायला १९२४ उजाडावे लागले. मधल्या काळात किती गाड्या उतारावर घसरल्या असतील, कोण जाणे! १९२१ साली अमेरिकेतील ड्यूझेनबर्गने दांड्यांऐवजी नळीतून द्रवाचा दाब चाकापर्यंत नेला, तेव्हा सांध्यांची ती कटकटही संपली.

शाफ्टवरचा ब्रेक मात्र पुरता गेला नाही. मराठवाड्यात सरकारी कचेऱ्यांसमोर वर्षानुवर्षे दिसलेल्या जुन्या विलीज घडणीच्या जीपला हातब्रेक शाफ्टवरच असे. उभी गाडी धरून ठेवायला तो पुरेसा होता. धावती गाडी अडवायचे काम त्याच्याकडे नव्हते.