जोड लावणारे पंच आणि टेनिसचं वाइल्ड कार्ड

मंडळी, जत्रेतला कुस्त्यांचा फड तुम्ही पाहिलेला आहे. आधी पोराटोरांच्या रेवडीवरच्या, नारळावरच्या कुस्त्या होतात. मग शंभर-दोनशे रुपयांच्या. आणि दिवस कलला म्हणजे मानाची शेवटची कुस्ती. हलगी कडाडत असते. लांबच्या गावाहून एस्टीने आलेला एखादा पोरगा लंगोट कसून कडेला उभा असतो. त्याला इथे कोणी ओळखत नाही. हात वर करून तो पंचांकडे जोड मागतो. पंच म्हणतात, ‘थांब जरा.’ तेवढ्यात यात्रा कमिटीतल्या कुणाचा तरी भाचा पुढे येतो आणि त्याची जोड लगेच लागते. दिवस मावळतो. पाहुणा पोरगा कपडे चढवून परतीची एस्टी धरतो. हरायलासुद्धा त्याला मिळालेलं नसतं.

आज मला बोलायचं आहे ते टेनिसविषयी. ‘धाराशिवात कुठलं आलं टेनिस?’ असं तुम्ही म्हणाल, आणि ते बरोबरच आहे. पण शेजारच्या सोलापुरात महिलांच्या आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धा भरलेल्या आहेत. पुण्यात बालेवाडीला आणि मुंबईतही त्या होतात. तिथे जो प्रश्न रोज उभा राहतो, तो या फडातल्या पोराचाच आहे.

टेनिसमध्ये सगळा कारभार गुणांवर चालतो. स्पर्धा जिंकत गेलं की गुण मिळतात, गुणांची बेरीज करून जगभरच्या खेळाडूंची क्रमवारी लागते, आणि पुढच्या स्पर्धेत कुणाला घ्यायचं ते त्या क्रमवारीवरून ठरतं. हे गुण 52 आठवडे टिकतात, मग गळून पडतात. म्हणजे गेल्या वर्षीची कमाई यंदा पुन्हा कमवावी लागते. विम्बल्डन जिंकणाऱ्याला 2000 गुण मिळतात. सगळ्यात खालच्या, एकूण 15 हजार डॉलर बक्षिसाच्या पुरुषांच्या स्पर्धेत विजेत्याला 15 गुण, आणि पहिला सामना जिंकणाऱ्याला अवघा एक. पहिल्याच फेरीत हरला तर शून्य. एक गुण म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण पुरुषांच्या जागतिक यादीत त्या एका गुणानेही नाव लागतं.

आता पंचाईत पाहा. गुण नाहीत म्हणून प्रवेश नाही, आणि प्रवेश नाही म्हणून गुण नाहीत. वेड जाईना म्हणून लग्न होईना आणि लग्न होईना म्हणून वेड जाईना, तशातली गत. या कोंडीतून वाट काढायला दोन दारं ठेवली आहेत. पहिलं दार पात्रता फेरीचं. अशा लहान स्पर्धेच्या मुख्य तक्त्यात 32 जण असतात. त्यांतल्या 8 जागा पात्रता फेरीतून भरतात. मुख्य स्पर्धा सुरू होण्याआधी दोन, कधी तीन सामने जिंकायचे, तेव्हा कुठे तक्त्यात नाव येतं. आणि त्या जिंकलेल्या सामन्यांचा गुण काहीच नाही. दुसरं दार म्हणजे वाइल्ड कार्ड. पत्त्यांच्या डावातला जोकर जसा कुठेही लावता येतो, तशा 4 जागा भरवणाऱ्यांच्या हातात असतात. त्या कुणालाही द्याव्यात. क्रमवारी पाहायचं बंधन नाही.

हिशेब करू या. पात्रता फेरीतून आलेल्या मुलाला तो पहिला गुण तीन-चार सामने जिंकल्यावर मिळतो. वाइल्ड कार्डवाल्याला एकाच सामन्यात. चिठ्ठ्या टाकताना दोन वाइल्ड कार्डवाले समोरासमोर आले, तर त्यांतल्या एकाला गुण मिळणार हे आधीच ठरलं! शिवाय हा मुलगा पदरचा खर्च करून आलेला असतो. पहिल्या फेरीत हरणाऱ्याच्या हाती दीडशे डॉलरच्या आसपास पडतात; तेवढ्यात प्रवास आणि मुक्काम भागवून दाखवावा. सुमित नागल हा 2023 मध्ये आपल्या देशाचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होता. त्याच वर्षी त्याने सांगितलं होतं की, वर्षभर खेळून आपल्या खात्यात 900 युरो उरले आहेत. पहिल्या क्रमांकाची ही कथा, तर पाचशेव्या-सातशेव्या क्रमांकाची काय असेल?

मग वाइल्ड कार्ड बंदच करावं का? मी तसं म्हणणार नाही. 2023 च्या जानेवारीत बालेवाडीच्या स्पर्धेत मानस धामणे या 15 वर्षांच्या मुलाला ते मिळालं. मायकेल म्मोकडून तो 2-6, 4-6 असा हरला, पण गुण शून्य असले तरी त्या दोन सेटांत तो जे शिकला ते त्याला गल्लीतल्या कोर्टावर मिळालं नसतं. 2025 च्या फेब्रुवारीत मुंबईला कोइम्बतूरची माया राजेश्वरन, तीही 15 वर्षांचीच, खेळली. तिला वाइल्ड कार्ड मिळालं ते पात्रता फेरीपुरतं. तिथले सामने जिंकून ती मुख्य तक्त्यात आली आणि थेट उपांत्य फेरीपर्यंत गेली. मला विचाराल तर ही रीत मला फार पसंत पडली. मुलीला दार उघडून दिलं, पण आतला रस्ता तिने स्वतः चालायचा. आणि गोरान इव्हानिसेविच 2001 साली वाइल्ड कार्डावर विम्बल्डनमध्ये शिरला तेव्हा क्रमवारीत 125 वा होता. तो ती स्पर्धा जिंकून बाहेर पडला.

शिवाय न्यायाची गोष्ट अशी की, स्पर्धा भरवायला पैसा लागतो. कोर्ट, चेंडू, पंच, लाइटबिल हे सगळं इथल्या माणसांनी सोसायचं आणि खेळायला मात्र सगळी परदेशी मुलं, असं झालं तर पुढच्या वर्षी स्पर्धा भरवणार कोण? इथल्या मुलांना चार जागा मिळाव्यात, हे मला मान्य आहे. माझी तक्रार आहे ती, त्या चार का आणि कशा दिल्या हे कुणी सांगत नाही याची.

मोठ्या देशांची तऱ्हा निराळी. ऑस्ट्रेलिया, फ्रान्स आणि अमेरिका यांच्याकडे मोठ्या स्पर्धा आहेत. त्यांच्या संघटना एकमेकींच्या खेळाडूंसाठी जागांची देवाणघेवाण करतात. आपल्याकडे तसली स्पर्धा नाही, म्हणून देवघेव करायला काही नाही. हा अन्याय खराच. पण त्यांच्याकडून एक घेण्यासारखंही आहे. अमेरिकन संघटना ही जागा बहुधा ठरावीक स्पर्धांतले गुण मोजून देते. कोण पुढे आहे ते दर आठवड्याला सगळ्यांना दिसतं. याउलट 2024 च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेआधी आशिया-प्रशांत विभागाच्या वाइल्ड कार्डासाठी नागलचं नाव आपल्या संघटनेने पाठवलं नाही. डेव्हिस चषकात खेळायला त्याने नकार दिला, हे कारण दिलं. तो पात्रता फेरीतून शिरला, आणि 31 वं मानांकन असलेल्या बुब्लिकला त्याने सरळ तीन सेटांत हरवलं.

गुणांचे नियम तरी नीट आहेत का? 2019 च्या जानेवारीत आंतरराष्ट्रीय महासंघाने 15 हजार डॉलरच्या स्पर्धांना व्यावसायिक क्रमवारीचे गुण देणंच बंद केलं होतं. त्यांची वेगळी यादी केली आणि पात्रता फेरीतल्या जागाही कमी केल्या. हेतू असा की, पोट भरणार नाही अशांनी उगाच वर्षं घालवू नयेत. हेतू वाईट नव्हता. पण शिडीची खालचीच पायरी काढली! खेळाडूंनी गिल्ला केला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुण परत द्यावे लागले.

मास्तर मंडळींना माझा रोख कळला असेल. आपल्या जिल्ह्यात टेनिस नसलं तरी खो-खो आहे. अर्जुन पुरस्कार मिळवणारी सारिका काळे इथलीच. खो-खोत यादी संगणक काढत नाही, माणसं काढतात. म्हणजे तिथे सगळ्याच जागा वाइल्ड कार्डाच्या म्हणायच्या!

काही वर्षांपूर्वी मी एका कॉलेजच्या खो-खो संघाच्या निवडीत होतो. बाराव्या जागेसाठी दोन मुली. एकीचा पाठलाग सरस होता. दुसरीसाठी एका भल्या माणसाचा फोन आला, आणि मी मनाशी म्हटलं, बारावी तर आहे, मैदानात उतरणारच नाही. ज्या मुलीचं नाव गळलं ती काही बोलली नाही. बूट पिशवीत घालून गावाकडच्या गाडीला गेली. पुढच्या वर्षी ती चाचणीलाच आली नाही.

तेव्हापासून मी एक करतो. चाचणीचे आकडे, म्हणजे किती मिनिटं पळाली आणि किती गडी बाद केले, ते निवडलेल्या आणि न निवडलेल्या सगळ्यांच्या नावांपुढे लिहून त्याच संध्याकाळी फलकावर लावतो. आकडे डावलून एखादं नाव घ्यायचंच असेल तर त्याखाली कारण लिहून सही करतो. यंदा मुलींनी दोन नावांना हरकत घेतली. एक हरकत खरी निघाली, आणि ती जागा बदलावी लागली.