रिमवरचा जुना रंग

पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. त्या दिवसांतील एखादी विलायती सायकल अजूनही जुन्या वाड्याच्या जिन्याखाली सापडते, आणि सापडली की उत्साही मंडळी काचकागद घेऊन ती घासावयास बसतात. हा अपराध आम्हीही केला आहे. वडिलांच्या सायकलीची काळी रिम आम्ही अशीच घासली. अर्धे चाक उघडे पडल्यावर उरलेल्या अर्ध्यावर मळाखाली एक बारीक सोनेरी रेघ दिसली. म्हणून हे चार शब्द.

पोलादी रिम गंजू नये म्हणून तिला मुलामा देत किंवा रंग देत. 1930 च्या सुमारास क्रोमचा मुलामा रूढ झाला. त्यापूर्वी निकेलचा असे. दांडीच्या ब्रेकचे रबर हबच्या बाजूने रिमच्या दोन कडांच्या पट्ट्यांवर दाबले जाते. तेथे रंग टिकणार कसा? म्हणून काही चांगल्या सायकलींत या पट्ट्या मुलाम्याच्या ठेवून केवळ मधला, स्पोकचा पट्टा काळा करीत व त्यावर रेघा ओढीत. पुढे 1939 ते 1945 च्या महायुद्धात निकेल व क्रोमियम युद्धसामग्रीकडे वळले आणि इंग्लंडात संपूर्ण काळ्या रिमा निघू लागल्या. तेव्हा काळी रिम दिसली की ती कोणीतरी मागाहून फासली, असे समजू नये.

मग मूळ रंग ओळखावा कसा? कारखान्यात रिम आधी रंगवीत व स्पोक मागाहून भरीत. म्हणून एखादे निपल सैल करून पाहावे. त्याच्या बैठकीखालीही रंग गेलेला असेल आणि निपल स्वच्छ असेल, तर रंग बहुधा मूळचा होय. निपलही रंगाने माखले असेल, तर तो मागाहूनचा. ब्रेकच्या पट्ट्यांवर रंगाखाली मुलामा चमकला, तरी निष्कर्ष तोच. ब्रिटिश पद्धतीत पुढच्या चाकास 32 व मागच्यास 40 स्पोक असत; दोन्हींस 36 आढळल्यास रिमा बदलल्या आहेत की काय, हे तपासावे.

आता दुरुस्ती. प्रथम साबणाचे कोमट पाणी आणि मऊ फडके, एवढेच. निम्मे काम येथेच होते. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून कोरडे घासून धूळ उडवू नये; जेथे गंज आहे तेवढीच जागा ओली करून घासावी, तेथे अस्तर देऊन रंग भरावा. ब्रेकच्या पट्ट्यांवर रंग मुळीच लावू नये. रेघ ओढताना चाक घोडीवर चढवावे, हात टेकवून ब्रश स्थिर धरावा व चाक सावकाश फिरवावे. वर्तुळ चाकच काढते. मात्र निपलच्या भोकांभोवती तडे असतील, तर ते चाक रस्त्यावर नेऊ नये.

आमच्या चाकावर आम्ही अर्धी रेघ नव्याने ओढली. जुन्या रेघेपेक्षा ती किंचित जाड आली. जवळून पाहणाऱ्यास कारागिराची रेघ कोणती व आमची कोणती हे कळते, आणि ते कळावे असेच आम्हांस वाटते.