गंगापारची रेती

काशीक्षेत्री गंगा उत्तरवाहिनी होते, आणि त्या वळणावर पश्चिमेचा तट कंकरमिश्रित कठीण मातीचा, उंच व अढळ राहिल्यामुळे राजेरजवाड्यांनी त्यावर घाट बांधले. उलट पूर्वेच्या बाजूस प्रवाह मंदावून गाळ साचतो, आणि पावसाळ्यात पुराखाली नाहीसा झालेला तो प्रदेश कार्तिकापासून हळूहळू वर येत वैशाखात शुभ्र वालुकेचे विस्तीर्ण बेट होऊन बसतो. काटेकोर परिभाषेत हे बेट नव्हे, कारण त्याची पाठ जमिनीस टेकलेली आहे. परंतु घाटावरच्या माणसाची तिकडे जाण्याची वाट नावेचीच असल्याने ते बेटासारखेच मानले गेले.

हे मैदान शहराच्या इतक्या सन्निध असून ओस का राहिले, याचे उत्तर पुराने अर्धेच मिळते. काशीखंडातील कथेप्रमाणे शंकरांनी व्यासांना क्षेत्राबाहेर घालविले आणि ते पैलतीरी राहिले; त्या तीरावर मरण आल्यास गाढवाचा जन्म मिळतो, ही समजूत आजही बनारसी लोकांच्या तोंडी आहे. मोक्षाच्या हद्दीबाहेरची ही जागा ऐहिक सुखास मात्र मोकळी राहिली. शहराबाहेर जाऊन दिवस घालविण्यास बनारसी माणूस ‘बहरी अलंग’ म्हणतो: पहाटे नाव सोडायची, पलीकडे कपडे धुवायचे, भांग घोटायची, पोहायचे, गोवऱ्यांवर बाटी भाजायची, चोखा कालवायचा. नीता कुमार यांनी बनारसच्या कारागिरांवरील 1988 च्या ग्रंथात त्यांच्या जीवनातील या प्रथेचे महत्त्व मांडले आहे, आणि ते मला सर्वस्वी पटते. अंधाऱ्या खोलीत मागावर बसणाऱ्यास मोकळे आकाश ही चैन नसून गरज आहे.

मराठी यात्रेकरूने तर एकदा तरी पार जावेच, कारण आपल्या पूर्वजांनी काशीत काय केले ते घाटावर उभे राहून दिसत नाही. रेतीवरून दक्षिणेकडून उत्तरेकडे नजर फिरवावी: अमृतराव पेशव्यांनी दगडी बांधलेला राजाघाट, नागपूरकरांच्या श्रीधर मुनशींचा मुनशीघाट, अहिल्याबाईंचा घाट, बायजाबाई शिंद्यांनी 1830 च्या सुमारास बांधविलेला आणि आपल्याच भाराने खचलेला शिंदेघाट, त्यापुढे भोसलेघाट, आणि शेवटी पंचगंगेपलीकडे दुर्गाघाट व ब्रह्माघाट, जिथे मराठी कुटुंबांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या नांदली. एवढा इतिहास एका दृष्टिक्षेपात वाचावयास मिळावा, असे स्थळ महाराष्ट्रातही क्वचितच सापडेल.

या रेतीस नुसते बेटासारखे न मानता खरोखरचे बेट करण्याचा प्रयोगही होऊन गेला. त्याआधी, 1989 पासून, रामनगरच्या किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचे 7 किलोमीटरचे पात्र कासवांचे अभयारण्य होते. अर्धवट जळालेली प्रेते कासवांनी खाऊन पाणी निर्मळ ठेवावे, असा त्यामागील हेतू. ते पुढे मोडीत निघाले, आणि 2021 च्या उन्हाळ्यात सरकारने रेतीतून 5.3 किलोमीटर लांब व सुमारे 45 मीटर रुंद कालवा खोदला. घाटांच्या पायावरचा प्रवाहाचा ताण कमी व्हावा, हे त्याचे एक कारण सांगण्यात आले. दोन्ही टोके नदीस मिळाल्याने मधली वाळू काही आठवडे चहूबाजूंनी पाण्यात राहिली. या कालव्याविषयी नदीशास्त्रज्ञांनी दिलेला इशारा त्या वेळी मनावर घेतला गेला नाही. ऑगस्टमध्ये पाणी 71.262 मीटरची धोक्याची पातळी ओलांडून गेले, आणि पूर ओसरला तेव्हा कालवा गाळाने भरला होता. नदीस विचारल्याशिवाय तिच्या दप्तरात फेरफार करू पाहणाऱ्यांविषयी मला मनापासून खेद होतो. 1978 च्या सप्टेंबरात पाणी 73.901 मीटरपर्यंत चढले होते, याची नोंद सरकारदरबारी असताना असा अट्टहास करावयास नको होता.

त्यानंतर जानेवारी 2023 मध्ये याच रेतीवर श्रीमंती तंबूंचे नगर उभे राहिले. ज्या मल्लाहांनी, म्हणजे नावाड्यांनी, वर्षानुवर्षे या वाळूत काकडी-कलिंगडांचे वेल लावले, त्यांच्या वहिवाटीचा विचार त्याआधी व्हावयास हवा होता.

वल्ह्याची नाव पार पोहोचू लागली की नावाडी वल्हे आत घेऊन लांब बांबू हाती धरतो, कारण काठाजवळ पाणी गुडघाभर असते. त्या पाण्यावरून सर्व किनारा तसाच असेल असे मात्र समजू नये. वाळूची कड काही ठिकाणी एकाएकी तुटते आणि पुढे खोल डोह असतो. तो दरवर्षी जागा बदलतो, म्हणून स्नान नावाडी दाखवील तिथेच करावे, आणि सावलीस झाड नसल्याने वाळू तापण्यापूर्वी परतीची नाव धरावी.