मूर्ती लहान, भुंकणं महान!

शेतावर घर बांधून झालंय, मुलं मागे लागलीत आणि जेवणाच्या ताटावर रोज एकच विषय आहे: कुत्रा घ्यायचा! छोटासा हवा, मुलांच्यात रमणारा हवा, शिवाय शेतावर टिकणारा हवा. मंडळी, तयार राहा. छोट्या कुत्र्यांची दुनिया भलतीच मोठी आहे!

माहीत आहे का, जगातला एक सुपरस्टार फार्म डॉग चक्क दूधवाल्याकडून आला? साधारण १८१९ची गोष्ट. ऑक्सफर्डला शिकणाऱ्या जॉन रसेल नावाच्या तरुणाने एका दूधवाल्याची पांढरी टेरियर कुत्री पाहिली आणि जागेवरच सौदा केला. तिचं नाव होतं ट्रम्प! हा तरुण पुढे पाद्री झाला, पण शिकारीचं वेड काही सुटलं नाही. आज जगभर गाजणाऱ्या जॅक रसेल टेरियरला नाव मिळालं ते त्याचंच.

उंची २५ ते ३० सेंटिमीटर, वजन पाच-सहा किलो. म्हणजे तांदळाच्या छोट्या पिशवीएवढा ऐवज. पण एनर्जी? ती मोजायला वेगळा काटा लागेल. युक्रेनमध्ये पॅट्रॉन नावाच्या जॅक रसेलने जमिनीत पेरलेले स्फोटक सुरुंग हुंगून शोधले आणि मे २०२२ मध्ये खुद्द अध्यक्ष झेलेन्स्की यांच्या हस्ते मेडल पटकावलं!

आता उंदरांकडे वळू, कारण शेतावरच्या छोट्या कुत्र्याची खरी नोकरी तीच. घाबरलेला उंदीर साधारण २२ किलोहर्ट्झच्या पट्टीत ओरडतो. आपले कान २० किलोहर्ट्झलाच हात टेकतात, कुत्र्याचे कान ४० च्याही वर जातात. तुम्ही कणगीशेजारी निवांत चहा पीत असता, तेव्हा तुमच्या टेरियरला अख्खी उंदीरसभा लाइव्ह ऐकू येत असते. घुशींची घुसखोरी थांबवायला याहून चांगला वॉचमन कुठला?

रेकॉर्ड हवाय? १८२३ साली लंडनमध्ये बिली नावाच्या कुत्र्याने साडेपाच मिनिटांच्या आसपास १०० उंदीर मारले. हिशेब करा, तीन-साडेतीन सेकंदांना एक! लोक पैजा लावून हा खेळ बघत. खेळ क्रूर होता. तो बंद पडला हे उत्तमच झालं.

अमेरिकेतल्या रॅट टेरियरची कथा जरा चटका लावते. १९२०-३०च्या दशकांत हा तिथल्या शेताशेतावर दिसायचा. मग बाजारात उंदरांचं रासायनिक औषध आलं आणि बिचाऱ्याची नोकरीच गेली, संख्या झपाट्याने घटली. यात आपल्यासाठी एक मोठी गोष्ट दडलीय: उंदीर मारायचं औषध आणि उंदीर मारणारा कुत्रा एकाच शेतावर नांदत नाहीत. कुत्रा ते आमिष तरी खातो, नाहीतर ते खाल्लेला उंदीर तरी. दोघांपैकी एकच ठेवा.

राजेशाही ब्रेक घेऊया! राणी एलिझाबेथचे कॉर्गी कोणाला माहीत नाहीत? १९४४ मध्ये १८व्या वाढदिवसाला तिला सुझन नावाची कॉर्गी मिळाली. ही सुझन १९४७ मध्ये राणीच्या हनिमूनलाही गेली! पुढे राणीने ३० हून जास्त कॉर्गी पाळले. पण या राजवाड्यातल्या लाडोबाचा मूळ धंदा काय? वेल्समध्ये गुरं हाकणं! कॉर्गी गाईच्या टाचेला हलकेच चावतो, गाय लाथ झाडते आणि ती त्याच्या डोक्यावरून जाते. बुटकेपणा म्हणजेच सेफ्टी फीचर. मात्र धावणाऱ्या मुलांच्या टाचासुद्धा त्याला वासराच्याच वाटतात. शिवाय अंगावर दुहेरी फर, म्हणजे मराठवाड्याच्या मे महिन्यात त्याचे हाल. वेल्समध्येच शोभतो तो.

सिनेमावाल्यांनो, १९३९चा ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ आठवतोय? त्यातला टोटो म्हणजे कॅन्ससच्या शेतावर राहणारा छोटा फॅमिली डॉग, अगदी आपल्या विषयातला! ही भूमिका केली टेरी नावाच्या केर्न टेरियर कुत्रीने. हो, तो नव्हे, ती! पगार आठवड्याला १२५ डॉलर.

आणि डॅशहुंड? आपल्याकडचा ‘लांबडा’? १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकचा मॅस्कॉट वाल्डी हा डॅशहुंडच. इतकंच नव्हे, त्या वर्षीच्या मॅरेथॉनचा मार्गच वाल्डीच्या आकारात आखला होता! शेतावर मात्र जपून. लांब पाठीचे मणके नाजूक. ओट्यावरून, ट्रॉलीवरून उड्या मारणं त्याला महागात पडतं. आणि बिळात शिरायचं रक्तातच असल्याने वाफ्यांची वाट लावतो ती वेगळीच.

डेन्मार्क आणि स्वीडनने तर मिळून एक शेतकुत्रा वाचवलाय. शेती बदलली, वाडे ओस पडले आणि हा छोटा पांढरा-ठिपकेदार गडी दिसेनासा झाला. मग दोन्हीकडच्या कुत्राप्रेमींनी शेतावर जाऊन उरलेले कुत्रे शोधले आणि १९८७ मध्ये दोन्ही देशांच्या नावाने त्याला जात म्हणून मान्यता मिळाली: डॅनिश-स्वीडिश फार्मडॉग. स्वभाव मनमिळाऊ, उंदीर पकडण्यात वस्ताद. आपल्या गावठीसाठी कोणी इतकी पायपीट केलीय का हो?

चला, आता आपल्या मातीत!

पहिली गोष्ट जरा धडकी भरवणारी. अकोले तालुक्यात, उसाच्या आणि वस्त्यांच्या पट्ट्यात, वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा मेनू शोधून काढला. त्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के वाटा पाळीव आणि वस्तीवरच्या प्राण्यांचा निघाला. नंबर वन कोण? शेळी? वासरू? नाही. कुत्रा! तब्बल ३९ टक्के.

म्हणून जुन्नर, संगमनेर, शिरूर, निफाड असा ऊसपट्टा असेल तर एक नियम दगडावर कोरून ठेवा: छोटा कुत्रा रात्री घरात. पडवीत नाही, गोठ्याच्या दाराशी साखळीला तर अजिबातच नाही. साखळीला बांधलेला कुत्रा पळू शकत नाही, बिबट्याला आयतं ताट. आणि छोट्या कुत्र्याकडून राखणीची अपेक्षा किती ठेवायची? घंटी वाजवण्याइतकी. भुंकून तुम्हाला उठवलं की त्याचं काम फत्ते. पुढे जाऊन लढणं हे पाच किलोच्या जिवाचं काम नाही.

टेरियरवाल्यांनी आणखी एक गोष्ट ऐकाच. हा गडी सापाला बघून मागे हटत नाही. त्याचा तोच गुण घोणसीसमोर त्याच्या जिवावर उठतो. साप चावल्याची शंका जरी आली, तरी घरगुती उपाय नकोत. थेट जनावरांचा डॉक्टर.

आता मोठा धक्का! नाशिककर, सांगलीकर, बसलात ना? माहीत आहे का, द्राक्षं कुत्र्याला विष आहेत? बेदाणेसुद्धा! एखादा कुत्रा चार द्राक्षं पचवतो, दुसऱ्याची किडनी तेवढ्यावरच बंद पडते. किती चालतील याचा भरवशाचा हिशेब नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी संशयित म्हणून बोट ठेवलं टार्टारिक आम्लावर. हेच आम्ल चिंचेत भरपूर असतं, म्हणजे बांधावरची चिंचसुद्धा संशयाच्या फेऱ्यात. तोडणीच्या दिवसांत क्रेटमधून खाली सांडलेला माल कुत्र्यापासून लांब ठेवा.

थांबा, लिस्ट संपली नाही. कांदा! कच्चा, शिजवलेला, वाळवलेला, कसाही असो, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. लसूण त्याचाच भाऊ. म्हणजे आपण प्रेमाने भाकरीवर ओततो ती कांदा-लसूण मसाल्याची आमटी कुत्र्याच्या ताटात नकोच. लासलगावचा कांदा जग जिंको, पण टॉमीच्या ताटात नको!

मग भाकरी तरी चालेल का? चालेल की! २०१३ मध्ये ‘नेचर’मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवून दिलं की पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात. माणसाच्या शेतीशेजारी राहून कुत्र्याचं पोटच बदललं! कोरी भाकरी, अंडं, उकडलेलं बिनहाडाचं चिकन: झालं जेवण. नुसत्या भाकरीवर मात्र ठेवू नका.

जरा नॉस्टॅल्जिया. ‘हम आपके हैं कौन’मधला टफी! १९९४ नंतर गल्लोगल्ली पांढरे कुत्रे आले आणि सगळ्यांना आपण ‘पॉमेरेनियन’ म्हणत सुटलो. ते बहुतेक इंडियन स्पिट्झ होते! ब्रिटिश काळात युरोपातल्या स्पिट्झपासून इथेच घडलेला हा कुत्रा आपला उन्हाळा बराच सोसतो, कुटुंबात रमतो आणि पाहुणा गेटवर यायच्या आत गाव जागं करतो. शेतावर त्याचा एकच वैरी: कुसळं. लांब केसांत अडकलेलं कुसळ हळूहळू कानात, बोटांच्या बेचक्यात शिरतं आणि जखम पिकते. रोज संध्याकाळी दहा मिनिटं त्याला मांडीवर घ्यायचं, कानाच्या मागे, काखेत, बोटांमध्ये हात फिरवायचा. कुसळ काढायचं आणि गोचीडही. मुलांना हे काम खूप आवडतं, खरंच देऊन बघा.

आणि पग? मोबाइलच्या जाहिरातीतला क्यूटी? शेतावर नको, प्लीज. कुत्रा अंगाची उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर काढतो. चपट्या नाकाच्या पगला तेच नीट जमत नाही. विदर्भाच्या उन्हात तो गुदमरतो.

क्विक वॉर्निंग! दुपारी शेतातली सगळ्यात थंड जागा कुठली? उभ्या ट्रॅक्टरखाली! छोटा कुत्रा तिथे गाढ झोपतो. चावी फिरवण्याआधी वाकून बघाच. विहिरीला कठडा नसेल तर आधी कठडा, मग कुत्रा.

लहान कुत्री मोठ्यांपेक्षा सहसा जास्त जगतात, हेही माहीत असू दे. पण वयाचा रेकॉर्ड आहे ब्लूई या मध्यम आकाराच्या शेतकुत्र्याच्या नावावर! ऑस्ट्रेलियात वीसेक वर्षं गुरं-मेंढ्या हाकून हा पठ्ठ्या १९३९ मध्ये गेला, वय २९ वर्षं ५ महिने. मधे पोर्तुगालच्या बोबीला ३१ वर्षांचा म्हणून किताब मिळाला होता, पण पुरावा पुरेसा नाही म्हणून गिनीसने २०२४ मध्ये तो काढून घेतला.

मग आमचं मत कोणाला? गावठीला! माहीत आहे का, ३ नोव्हेंबर १९५७ ला अवकाशात गेलेली लायका मॉस्कोच्या रस्त्यावरची भटकी कुत्री होती? वजन जेमतेम सहा किलो. भटक्या कुत्र्याला भुकेची आणि थंडीची सवय असते म्हणून शास्त्रज्ञांनी मुद्दाम तशीच निवडली. ती परत आली नाही, याचं आजही वाईट वाटतं. आपल्या दत्तगुरूंच्या तसबिरीतही मागे गाय आणि पायाशी चार कुत्रे आहेत, ते काही इम्पोर्टेड नव्हेत!

गावठीचं अंग इथल्या हवेला सरावलेलं, केस आखूड, पोट कणखर. छोटाच हवा असेल तर पिल्लू बघू नका, आई बघा. पिल्लं सगळीच इवलीशी दिसतात. आई लहान चणीची आणि शांत असेल तर पिल्लूही तसं निघण्याची शक्यता जास्त. आठ आठवडे आईजवळ राहू द्या. घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यापासून कोंबड्या, शेळ्या, वासरं यांची ओळख तुमच्या देखत करून द्या. टेरियर घेतलात तर कोंबड्यांपाशी त्याला एकटं सोडू नका.

आणि पिल्लू दारात येताच मुलं नावावरून भांडणार, भांडू द्या. तोवर तुम्ही डॉक्टरांना फोन लावा: पार्व्होची लस पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं असताना, रेबीजची तीन महिन्यांना, मग डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर. नाव दोन दिवस उशिरा ठेवलं तरी चालेल, लस चुकवू नका!